ओल्याचा डबा

सिस्टर पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमचाच कचरा होता. वर्तमानपत्राच्या घडीवर नीट मांडून आणलेला. लग्न होऊन मला ठाकुर्लीला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सासूबाई पूजेला बसल्या होत्या, म्हणून दार मी उघडलं. समोर पांढरं सुती पातळ नेसलेली, उंच, सावळी, साठीकडे झुकलेली एक बाई. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, आणि पेशंटचा केसपेपर वाचावा तशा सुरात म्हणाल्या, "काल तुमच्याकडे मेथी होती. भात उरला होता. कुणाला तरी खोकला झालाय, औषधाची बाटली संपली. आणि सकाळी कुणीतरी दाढी केली. हे सगळं माझ्या खिडकीच्या गजावर आलं."

तो कचरा मीच मागच्या गॅलरीतून खाली सोडला होता. आमच्या बिल्डिंगच्या मागे पाचेक फुटांची गल्ली होती आणि सोळाच्या सोळा स्वयंपाकघरं तिच्यावर उघडायची. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला पिठाचा डबा दाखवला, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं आणि गॅलरीकडे बोट करून म्हणाल्या होत्या, "कचरा इथून." सगळेच तसं करायचे. सकाळी एक बाई येऊन गल्ली झाडायची आणि सगळं उचलून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत नेऊन टाकायची. त्यापलीकडे त्याचं काय होतं, असा विचार कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं.

"नवीन आहेस ना? नाव काय?"

"नीला."

"नीला, भात आणि ब्लेड एका पुडीत कसे गेले, एवढंच मला विचारायचं होतं."

उत्तराची वाट न बघता त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि कठडा धरून सावकाश जिना उतरून गेल्या.

"तळमजल्यावरची सिस्टर ती," सासूबाई पूजा आटोपून म्हणाल्या. "तिच्या फार नादी लागू नकोस."

पुढची दहा-अकरा वर्षं मी त्यांच्या नादी लागले. आज मागे वळून बघताना वाटतं, सासूबाईंचं एवढं एक ऐकलं नाही ते बरं झालं.

त्यांचं नाव वत्सला तांडेल. पण ते नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. बिल्डिंगमध्ये, भाजीवाल्याकडे, रिक्षा स्टँडवर, सगळीकडे त्या नुसत्या सिस्टर. माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, कोळ्यांचं. वडिलांची होडी होती, आई टोपली घेऊन बाजारात बसायची. घरातली शिकलेली ही पहिली मुलगी. सरकारी हॉस्पिटलात तीसेक वर्षं वॉर्ड सांभाळून त्या रिटायर झाल्या आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची हिंमत बिल्डिंगमध्ये फक्त माझ्या सासूबाईंनी केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ड्यूटी संपली की विचार करायचं ठरवलेलं. ड्यूटी संपेचना."

रिटायर झाल्या तरी छातीपाशी पिनेने लावलेलं उलटं घड्याळ गेलं नव्हतं. नखं कायम कापलेली. घरात जंतुनाशकाचा वास, आणि रविवारी त्यावर तळलेल्या बोंबलांचा. जगातल्या सगळ्या गोष्टींना त्या पेशंट समजायच्या. पाण्याचा पंप बंद पडला की त्याच्यावर हात ठेवून कान देऊन ऐकायच्या आणि म्हणायच्या, "दमलाय. अर्धा तास झोपू दे त्याला." अर्ध्या तासाने पंप चालू व्हायचा, हेही खरं.

'कचरा' हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकला. त्यांच्या भाषेत तीनच गोष्टी होत्या. ओलं, सुकं आणि टोचणारं. "घाण अशी काही वस्तू नसते नीला," त्या म्हणायच्या. "साल ही साल असते, कागद हा कागद असतो. आपण त्यांना एकत्र कालवतो, तेव्हा घाण तयार होते."

हे त्या पहिल्यापासून म्हणत असणार. पण आम्ही ऐकलं ते अनसूयेच्या हातानंतर.

अनसूया म्हणजे गल्ली झाडायला यायची ती. तिशीची, काटक, बोलायला कमी. त्या दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली ती पत्र्याच्या तुकड्याने कचरा टोपलीत भरत होती. मधेच तिने पत्रा बाजूला ठेवून चिकटलेला भाताचा गोळा हाताने उचलला, आणि तशीच खाली बसली. ओरडली वगैरे नाही. हात पदरात धरून बसली आणि पदर लाल होत गेला. मी काही म्हणायच्या आत सिस्टर मागच्या दाराने बाहेर आल्या होत्या. तिला उठवून त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर बसवलं, जखम धुतली, बांधली आणि म्हणाल्या, "चार दिवस पाण्यात हात नाही घालायचा."

"मंग खायचं काय सिस्टरबाई?" अनसूया म्हणाली. चेष्टेने नाही, साधं विचारावं तसं.

तिला आमच्यासारख्या आणखी तीन गल्ल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती त्यातली एक झाडून आली, तेव्हा बोट फुगलं होतं. तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला. सिस्टर तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेल्या, दिवसभर तिथेच बसल्या. हात वाचला. मधल्या बोटाची दोन पेरं काढावी लागली.

त्या भातातलं ब्लेड कुणाच्या घरचं होतं हे कधीच कळलं नाही. आमचं नव्हतं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पहिल्या दिवसानंतर मी ब्लेड वेगळं ठेवत होते, पण रोज आठवण राहिली असेलच असं नाही. न राहवून मी एकदा हे सिस्टरना सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोळा घरं, सोळा ब्लेडं. मी चोर शोधायला बसलेली नाही. तू यापुढे काय करणार आहेस ते सांग."

अनसूया हॉस्पिटलात होती तितके दिवस गल्ली सिस्टरनी झाडली. पांढरं पातळ वर खोचून, हातात वॉर्डातले जुने रबरी मोजे घालून. सोळा गॅलऱ्यांतून लोक बघत होते. तुम्हाला वाटेल की मग निदान त्या दिवसांत तरी वरून कचरा पडला नसेल. पडत होता. एकदा फ्लॉवरच्या पाल्याची जुडी थेट त्यांच्या खांद्यावर आली. त्यांनी वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दुसरा मजला, टाकताना आवाज देत जा."

या प्रकाराने बिल्डिंगची अब्रू जाते आहे असं ठरवून आमचे सेक्रेटरी राऊत यांनी रविवारी सकाळी गच्चीवर सभा बोलावली. राऊत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, एका कंपनीत हेडक्लार्क होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं नियमाप्रमाणे लागायचं आणि नियम त्यांना पाठ असायचे. "सिस्टर, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," ते म्हणाले, "पण सुशिक्षित सभासदाने गल्ली झाडणं हे काही शोभत नाही. आपण दुसरी बाई बघू."

सिस्टर दोन बादल्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी त्या सगळ्यांच्या मधोमध ठेवल्या. एकीत त्या सकाळचा गल्लीतला गाळ होता. आमटी, केस, कागद, अंड्याची टरफलं, चहाची पूड, काय वाटेल ते, एकात एक. दुसरीत नुसती भाजीची देठं आणि फळांची सालं.

"दुसरी बाई बघा ना," त्या म्हणाल्या. "त्याआधी एवढंच करा. या पहिल्या बादलीत कुणीतरी हात घाला. तळापर्यंत."

कुणी नाकाला पदर लावला, कुणी पाण्याच्या टाकीकडे बघत राहिलं.

"ती रोज घालते," सिस्टर म्हणाल्या. "बरं, राहू दे. या दुसरीत कोण घालतंय?"

तेव्हाही कुणी पुढे येत नव्हतं. शेवटी माझ्या सासूबाई उठल्या. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत अख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात कडक. मला वाटलं त्या खाली निघाल्या. पण त्यांनी बांगड्या मागे सारल्या, सालांच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला, आणि आत चाचपडत म्हणाल्या, "यात काय आहे? हा तर माझ्याच घरातला दुधी आहे." मग सिस्टरकडे बघून म्हणाल्या, "काय करायचं ते सांगा. पण नीट सांगा, मला दोनदा विचारायला आवडत नाही."

तिथून ते सुरू झालं. प्रत्येक घरातून तेलाचा एक रिकामा डबा सिस्टरनी मागून घेतला, त्याला हिरवा ऑइलपेंट दिला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात वर 'ओलं' असं लिहिलं. सुकं गोणीत. टोचणारं औषधाच्या जुन्या डबीत, आणि ती डबी महिन्यातून एकदा स्वतः सिस्टरकडे आणून द्यायची. कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात विटा रचून दोन हौद बांधले. ओलं त्यात जायचं, त्याचं खत करायचं. रोज सकाळी साडेनऊला त्या स्वतः तीन मजले चढून दारोदार डबे घ्यायच्या. आत डोकावल्याशिवाय डबा उचलायच्या नाहीत. "नीला, कढीपत्ता ताटाबाहेर काढता तुम्ही सगळे. चावून खा, डोळ्यांना चांगला." "आज पोळ्या फार उरल्या, पाहुणे आले नाहीत वाटतं." लोक आधी चिडायचे. मग हळूहळू त्याचीही सवय झाली.

खत मात्र होईना. महिनाभरात हौदात काळा चिखल झाला आणि त्याला असा वास सुटला की पहिल्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या बंद. चिलटं झाली. राऊतांनी नोटीस बोर्डावर कागद लावला: एक महिन्यात वास बंद न झाल्यास हौद बुजवण्यात येतील. जिन्यात राऊतवहिनी कुणाला तरी म्हणाल्या, "त्यांना नाही जाणवायचा वास. खाडीवरच्या त्या, लहानपणापासून सवय." सिस्टर खालच्या वळणावर डबे घेऊन उभ्या होत्या, मी त्यांच्या मागे. मला तोंड कुठे लपवावं कळेना. त्या आपल्या दारापर्यंत आल्या, डबे खाली ठेवले आणि म्हणाल्या, "खरं बोलली ती, पण अर्धंच. मला वास येतो. मला वासाची लाज वाटत नाही."

एवढं बोलून त्या आत गेल्या. पण त्या दिवशी साडेनऊच्या फेरीनंतर त्यांनी दार लावून घेतलं ते संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. मी पहिल्यांदाच त्यांना हरलेलं बघितलं होतं.

मदत कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आली. तिथे म्हात्रे आजींचं घर होतं, कौलारू, पुढे अंगण. आमची बिल्डिंग उभी होती ती एके काळी त्यांचीच भातशेती. शेत गेलं, घर राहिलं. आजी रोज भिंतीवर हनुवटी टेकवून आमचा तमाशा बघायच्या. दुसऱ्या दिवशी सिस्टर काठीने चिखल ढवळत होत्या, तेव्हा आजींना राहवलं नाही.

"अगो बाय, ह्यो काय केलंस?"

"खत करतेय आजी."

"खत हाय काय त्यो? नुस्ता वलाच घातलंस. त्याला सुका नको? वारा नको? असा कोंबून ठेवला त माणूस तरी जगंल काय?"

सिस्टर ऐकून घेत उभ्या राहिल्या. मोठमोठ्या डॉक्टरांना ज्यांनी "आधी हात धुवा" म्हणून सुनावलं होतं, त्या सिस्टर. मग त्यांनी काठी टाकली, भिंतीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवा."

आजी दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन नातवाच्या हाताला धरून आल्या. सगळा चिखल उपसायला लावला. खाली काटक्या, त्यावर पेंढा, मग ओलं, वर सुका पाला, चुलीतली राख, शेणाचं पाणी. पुन्हा ओलं, पुन्हा पाला. आठवड्यातून एकदा सगळं खालीवर करायचं. सिस्टर शाळेतल्या मुलीसारख्या वहीत लिहून घेत होत्या. आजींना त्या वहीचं फार हसू येत होतं. "लिवून काय व्हतंय? नाक हाय ना तुना? वास सुटला का पाला घाल."

अनसूया तोवर परत आली होती. हात बरा झाला होता, पण ती तो पदराखाली ठेवायची. सिस्टरनी तिला गल्लीतून काढून हौदावर घेतलं. "मला दोन गुडघे नाहीत, तुला एक बोट नाही. दोघींत मिळून एक बाई होईल," त्या म्हणाल्या, आणि अनसूया हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काम झालं की दोघी सिस्टरच्या ओट्यापाशी बसून चहा प्यायच्या, एकाच सेटमधल्या कपांत. सासूबाईंनी ते पाहिलं, काही बोलल्या नाहीत. पुढे कधीतरी अनसूया आमच्याकडे आली तेव्हा त्यांनी फडताळातला पाहुण्यांचा कप काढला. त्यावरही त्या काही बोलल्या नाहीत.

महिना संपला त्या दिवशी सिस्टर एका ताटात ओंजळभर काळंभोर काहीतरी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मीही गेले, काय होतंय ते बघायला. राऊत कामावर निघायच्या घाईत होते.

"वास घ्या," सिस्टर म्हणाल्या.

राऊतांनी चष्मा सरळ केला, मान पुढे केली, जपून हुंगलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

"कसला आहे?"

"मातीचा," राऊत म्हणाले. आणि थोडं थांबून, "गावच्या."

संध्याकाळी नोटीस बोर्डावरचा कागद गेला होता. ते खत म्हात्रे आजींच्या परसात जायचं आणि हंगामात वालाच्या शेंगा, लाल माठ भिंतीवरून आमच्याकडे यायचे. सोळा घरांत ते वाटायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं.

पण राऊत खऱ्या अर्थाने सिस्टरचे झाले ते दोन-तीन वर्षांनी. राऊतवहिनी लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या होत्या. राऊत एकटे. ते रोज डबा दाराबाहेर ठेवायचे, सिस्टर रिकामा करून परत ठेवायच्या. एके सकाळी त्या माझ्या दारात थांबल्या. हातात राऊतांचा डबा.

"बघ," म्हणाल्या.

मी पाहिलं. चहाची पूड आणि लिंबाची दोन सालं.

"काल पण एवढंच होतं. परवा अर्धी पोळी होती, दाताचा एक चावा घेतलेली. या माणसाला जेवण जात नाहीये."

आम्ही वर गेलो. बऱ्याच वेळाने राऊतांनी दार उघडलं, भिंत धरून. डोळे हळदीसारखे पिवळे. कुणाला त्रास नको म्हणून गप्प राहिले होते. सिस्टरनी त्यांना झोपवलं, डॉक्टर आणवले, आणि पुढचे तीन आठवडे पथ्याचं पेज-पाणी त्यांच्या घरून वर गेलं. उसाचा रससुद्धा रसवंतीत समोर उभं राहून काढून घेतलेला, गाडीवरचा नाही. वहिनी परत आल्या तेव्हा राऊत उठून बसत होते. वहिनी खाली सिस्टरकडे गेल्या आणि दारातच रडायला लागल्या. त्यांना जिन्यातलं आपलं बोलणं आठवत असावं. सिस्टर म्हणाल्या, "रडतेस काय? नातू झाला का नात, ते सांग आधी."

आता माझं सांगते. हे मी सहसा सांगत नाही.

लग्नाला पाच वर्षं झाली होती. मला पाचवा महिना होता आणि एका दुपारी सगळं संपलं. मी हॉस्पिटलातून घरी आले, त्यानंतर आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही. भेटायला बायका येत. कुणी म्हणे देवाची इच्छा, कुणी म्हणे वय आहे अजून, कुणी आपल्या जावेचं सांगे. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सासूबाई डबा बाहेर ठेवायच्या, तो घेताना सिस्टरचा आवाज यायचा, पण त्या आत येत नसत. मला त्याचा थोडा रागच आला होता. सगळ्या आल्या आणि ज्या यायला हव्या होत्या त्याच नाहीत.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी त्या सरळ आत आल्या. माझा चेहरा पाहिला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "आज माझे गुडघे फार दुखतायत. तुमचा डबा तूच खाली घेऊन ये."

त्यांचे गुडघे रोजच दुखायचे आणि त्या रोजच तीन मजले चढायच्या. मला ते कळत होतं. तरी मी उठले. नंतर वाटलं, त्यांनी मला बरी होईपर्यंत वेळ दिला होता, एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही.

खाली अनसूया हौद खालीवर करत होती. थंडीचे दिवस होते आणि फावड्यासरशी आतून वाफ निघत होती. सिस्टरनी मला दुसरं फावडं दिलं. मी चार-पाच वेळा माती उलटली आणि मग मला जे रडू आलं ते थांबेना. घरात मी रडलेच नव्हते. मी विटेवर बसून रडत राहिले. त्या दोघी काम करत राहिल्या. कुणी गप्प कर म्हटलं नाही, कुणी 'होईल पुन्हा' म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने अनसूयेने तांब्यातून पाणी आणून दिलं आणि एवढंच म्हणाली, "माजे दोन गेले, ताई." इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं. सिस्टरना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता खाली गेले. पुढे बरेच महिने जात राहिले. मला त्यातून कुणी बाहेर काढलं असेल तर त्या दोघींनी. सिस्टरना मी हे कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता. दोन वर्षांनी माझी मुलगी झाली, तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेऊन त्यांनी तिची नखं बघितली आणि म्हणाल्या, "कापायला झालीत."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांचे गुडघे खरोखरच संपले. भाच्याने शहाडला नवीन बिल्डिंगमध्ये घर घेतलं होतं, तो न्यायला आला. राऊतांनी निरोपसमारंभाचा घाट घातला, शालसुद्धा आणून ठेवली. सिस्टरना कळलं तशा त्या दोन दिवस आधीच निघाल्या. सकाळी फेरी केली, डबे रिकामे करून जागच्या जागी ठेवले आणि साडेअकराच्या सुमाराला रिक्षात बसून गेल्या. साडेनऊची फेरी त्यानंतर राऊतांनी सुरू केली. ते रिटायर झालेलेच होते. डब्यात डोकावून काही ओळखायची विद्या त्यांना नव्हती, पण एकही खाडा केला नाही. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, घंटागाडी आली, गाड्या लावायला जागा हवी म्हणून हौदही गेले. पण ते बऱ्याच वर्षांनी.

शहाडला मी त्यांना भेटायला एकदाच गेले. मुलीला बरोबर घेऊन. ती पाचेक वर्षांची असेल. सिस्टर खूप वाळल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगांचा चष्मा होता, चालताना काठी. भाचेसुनेने चहा केला. आम्ही म्हात्रे आजींबद्दल बोललो, त्या वर्षीच गेल्या होत्या. अनसूयेची मुलगी नर्सिंगला गेली, हे त्यांनीच मला सांगितलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बिस्किटाची बशी पुढे केली. तासाभराने त्यांनी घड्याळ बघितलं.

"तू निघ आता," म्हणाल्या. "मला जरा वर जायचंय."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या मुलीचा गालगुच्चा घेतला आणि आम्ही खाली उतरलो. खाली मुलीच्या सॅंडलचा पट्टा निघाला म्हणून मी पायरीवर बसले. जिना मोकळा होता, वरचं सगळं ऐकू येत होतं. काठीचा आवाज, मधे थांबण्याचा, पुन्हा काठी. मग एक दार उघडल्याचा.

"कोण पाहिजे?" तरुण बाईचा आवाज होता, कामाच्या गडबडीतला.

"मी खाली राहते. तुमच्या घरातलं ओलं आणि सुकं वेगळं ठेवाल का, ते विचारायला आले होते."

"अहो आजी, मला वेळ नाही हो. मला कामावर जायचंय."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "मग मी उद्या येते."

दार बंद झालं. मी वाकून वर पाहिलं तर मधल्या चौकातून त्यांचा कठड्यावरचा हात तेवढा दिसला. मला वाटलं, आता खाली येतील, हात द्यावा. मी उठलेही.

पण तो हात वरच्या मजल्याकडे सरकला.